पावसाळ्यांतील घातक ज्वर

पूर ओसरला म्हणजे संकट टळलें, असें माणसास वाटतें. घरांतील चिखल उपसला, भिंती धुतल्या, भिजलेलें धान्य उन्हांत पसरलें, कीं मन निश्चिंत होतें. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, पाणी उतरल्यावरच त्यांचा उदय होतो. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हजारों माणसें त्या रात्रीं कमरेइतक्या पाण्यांतून मैलोगणती चालत घरीं पोंचलीं. पुढील कांहीं आठवड्यांत, म्हणजे ऑगस्ट महिन्यांत, शहरांतील रुग्णालयें तापाच्या रोग्यांनीं भरून गेलीं. त्यांपैकीं अनेकांना जो ज्वर झाला होता त्याचें नांव लेप्टोस्पायरोसिस.

नांव परकें आहे. रोग मात्र परका नाहीं. जेथें भरपूर पाऊस, पाणथळ शेती, गुरेंढोरें आणि उंदीर हीं एकत्र नांदतात, तेथें हा रोग असावयाचाच. कोंकणांत, दक्षिण गुजराथेंतील भात व उसाच्या शेतांत, केरळांत आणि अंदमान बेटांत तो दर पावसाळ्यांत डोकें वर काढतो. केरळांतील लोक त्यास 'एलिप्पनी', म्हणजे उंदरांचा ताप, म्हणतात. आणि शास्त्रीय नांवापेक्षां हें देशी नांवच अधिक बोलकें आहे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें जगांत दरसाल सुमारें दहा लाख लोकांना हा रोग होतो आणि सुमारें ५९ हजार लोक त्यास बळी पडतात. शंभरांतील नव्वद रोग्यांत तो साध्या तापासारखा येऊन जातो. उरलेल्या पांच-दहा रोग्यांत मात्र तो उग्र रूप धारण करतो आणि शरीरांतील एकामागून एक इंद्रियास ग्रासतो. विचार करावयाचा तो या उग्र रूपाचा.

या रूपाचें पहिलें स्पष्ट वर्णन जर्मनींतील हायडेलबर्ग येथील आडोल्फ वाइल या प्राध्यापकानें १८८६ सालीं केलें. ताप, कावीळ, पांथरीची वाढ आणि मूत्रपिंडांचा बिघाड हीं चार लक्षणें एकाच रोग्यांत एकत्र येतात, हें त्यानें दाखविलें. म्हणून या उग्र रूपास आजही 'वाइलचा रोग' असें म्हणतात. लक्षणें समजलीं, पण कारण समजण्यास जवळजवळ तीस वर्षें जावीं लागलीं. जपानच्या क्यूशू बेटावर कोळशाच्या ओलसर खाणी होत्या. तेथील मजुरांत काविळीच्या तापाची सांथ वारंवार येई. इनादा आणि इदो या दोन जपानी संशोधकांनीं १९१४-१५ सालीं अशा रोग्याचें रक्त गिनीपिग या प्राण्यास टोंचलें आणि त्याच्या यकृतांत मळसूत्री आकाराचा जंतु पाहिला. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धांतील चिखलानें भरलेल्या खंदकांत जर्मन सैनिक याच रोगानें आजारी पडत होते, आणि १९१५ सालीं जर्मन संशोधकांनाही स्वतंत्रपणें तोच जंतु सांपडला. पुढें जपानी संशोधकांनींच तो उंदरांच्या मूत्रपिंडांत राहतो हें सिद्ध केलें.

या शोधाच्या इतिहासांत एक करुण प्रकरण आहे. हिदेयो नोगुची या नामांकित जपानी शास्त्रज्ञानें १९१८ सालीं या जंतूस 'लेप्टोस्पायरा', म्हणजे बारीक वेटोळें, असें नांव दिलें. परंतु दक्षिण अमेरिकेंतील पीतज्वरही याच जातीच्या जंतूमुळें होतो, असा त्याचा ग्रह झाला. दोन्ही रोगांत ताप येतो, दोन्हींत अंग पिवळें पडतें, दोन्हींत रक्तस्राव होतो. त्याचें हें मत चुकीचें ठरलें. १९२८ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील अक्रा येथें पीतज्वराचा अभ्यास करीत असतांना त्याच रोगानें त्याचा अंत झाला. अंगाचा पिवळेपणा एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचीही दिशाभूल करूं शकतो, मग सामान्य कुटुंबांतील माणसांची करील यांत नवल काय? हा मुद्दा पुढें पुन्हां येणार आहे.

आतां हा जंतु शरीरांत येतो कसा तें पाहूं. उंदरास या जंतूपासून फारसा त्रास होत नाहीं. जंतु त्याच्या मूत्रपिंडांत बिऱ्हाड करतो आणि उंदीर जिवंत असेपर्यंत त्याच्या मूत्रावाटे बाहेर पडत राहतो. कुत्रा, डुक्कर, गाय, म्हैस हे प्राणीही त्याचे वाहक होऊं शकतात. कोरड्या जमिनीवर व कडक उन्हांत जंतु लवकर मरतो; खाऱ्या पाण्यांतही तो तग धरीत नाहीं. परंतु गोड्या पाण्यांत, ओल्या मातींत व गटारांत तो आठवडेच्या आठवडे जगतो. अशा पाण्यांतून अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायास एखादी भेग असेल, खरचटलें असेल, किंवा फार वेळ भिजून कातडी मऊ झाली असेल, तर तेवढी वाट त्यास पुरते. डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक अस्तरांतूनही तो शिरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढी आणि लांबी शंभराव्या भागाच्या आसपास. मळसूत्राप्रमाणें फिरत जाणाऱ्या अशा जंतूस अडविणारी भिंत शरीरांत फारशी नाहीं.

शरीरांत शिरल्यावर साधारणतः पांच ते चौदा दिवस तो गुप्त राहतो. नंतर एकाएकीं थंडी वाजून ताप चढतो, डोकें ठणकतें, कंबर आणि विशेषतः पोटऱ्या इतक्या दुखतात कीं नुसता हात लावला तरी रोगी कळवळतो. डोळे लाल होतात; पण डोळे येतात तेव्हां जशी घाण सांचते, तशी सांचत नाहीं. ताप, पोटऱ्यांचें दुखणें आणि कोरडे लाल डोळे हीं तीन लक्षणें पावसाळ्यांत एकत्र दिसलीं, तर सुज्ञ मनुष्यानें सावध व्हावें. या पहिल्या आठवड्यांत जंतु रक्तांतून सर्व शरीरभर फिरत असतो. त्यानंतर पुष्कळदां ताप उतरतो, रोग्यास हुशारी वाटते, घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात. याच सुमारास शरीर जंतूविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करूं लागतें, जंतु रक्तांतून नाहींसा होऊन मूत्रपिंडांत दिसूं लागतो, आणि दुर्दैवी रोग्यांत दुसरा, अधिक भयंकर अंक सुरू होतो. कित्येकांत तर मधली विश्रांति मुळीं मिळतच नाहीं. पहिल्या तापांतूनच उग्र अवस्था उद्भवते.

इतकीं निरनिराळीं इंद्रियें एकाच जंतूमुळें कशीं बिघडतात, हा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें उत्तर बऱ्याच अंशीं रक्तवाहिन्यांत आहे. शरीरांतील प्रत्येक इंद्रियांत केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांचें जाळें असतें. त्यांची भिंत एकाच थराच्या पेशींची, विटेला वीट लावून रचल्यासारखी. लेप्टोस्पायरा या विटांमधील सांधे उसवतो. सांधे उसवले कीं रक्तांतील पाणी बाहेर झिरपतें, पुढें रक्तही पाझरतें. त्यांतच रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिकांची संख्या घटते. जें इंद्रिय अधिक नाजूक, तेथें हानि अधिक.

प्रथम यकृत. रोग्याचे डोळे व कातडी हळदीसारखी, कधीं कधीं नारिंगी छटेची पिवळी होते. नीरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तांत बिलिरुबिन हें पित्ताचें रंगद्रव्य सुमारें एक मिलिग्रॅमपर्यंत असतें. या रोगांत तें वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंतही जातें. हें पाहून कोणासही वाटेल कीं यकृत पार नष्ट झालें असावें. परंतु तसें नसतें. यकृताच्या पेशींमधून पित्ताचे अतिसूक्ष्म पाट वाहत असतात. जंतु पेशींमधील सांधे सैल करतो आणि पाटांतील पित्त रक्तांत झिरपतें. पेशी स्वतः मात्र फारशा मरत नाहींत. म्हणूनच विषाणूजन्य काविळींत यकृताच्या पेशींतून जीं द्रव्यें रक्तांत हजारोंच्या मापानें उतरतात, तीं येथें थोडींच वाढलेलीं आढळतात. रोगी बरा झाला म्हणजे यकृत पूर्ववत् होतें, मागें व्रण राहत नाहीं. केवळ यकृत निकामी होऊन या रोगांत मृत्यु येणें विरळाच. डोळ्यांस सर्वांत भयंकर दिसणारें लक्षण तें प्राणास सर्वांत कमी घातक, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

आणि नेमकें येथेंच आपल्या समाजांत घात होतो. अंग पिवळें झालें कीं 'कावीळ झाली' असा निकाल घरांतल्या घरांत लागतो. मग कोणी गळ्यांत मुळ्यांची माळ घालतो, कोणी चुन्याच्या निवळींत हात धुवून पिवळें पाणी दाखवितो, कोणी नाकांत देवडांगरीच्या रसाचे थेंब सोडतो. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली, अशी समजूत. सुशिक्षित कुटुंबेंही 'करून पाहण्यास काय हरकत आहे' म्हणून या उपायांच्या नादीं लागतात. हरकत अशी कीं, या रोगांत दिवस मोजून मिळतात. काविळीची माळ घालून बसलेल्या रोग्याचीं मूत्रपिंडें त्याच दिवसांत बंद पडत असतात.

मूत्रपिंडांची कथा यकृताहून निराळी. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लाख सूक्ष्म नलिका असतात. रक्त गाळून निघालेल्या द्रवांतून उपयुक्त क्षार व पाणी परत शोषून घेणें हें त्यांचें काम. लेप्टोस्पायरा या नलिकांभोंवतीं ठाण मांडतो, तेथें दाह उत्पन्न होतो आणि शोषून घेण्याची क्रिया ढिली पडते. त्यामुळें प्रथम लघवी कमी न होतां कधीं कधीं भरपूरच होते, आणि तिच्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षार निघून जातात. 'लघवी साफ होते आहे, म्हणजे मूत्रपिंडें ठीक आहेत,' हा समज येथें फसवा ठरतो. रक्तांतील युरिया व क्रिएटिनिन तपासल्यावांचून खरी स्थिति कळत नाहीं. पुढें ताप, वांत्या आणि वाहिन्यांतून झिरपलेलें पाणी यांमुळें रक्ताचें आकारमान घटतें, रक्तदाब उतरतो, आणि मग लघवी खरोखरच बंद होऊं लागते. अशा वेळीं डायलिसिसच्या यंत्राचा आधार द्यावा लागतो. ब्राझिलमधील साओ पाउलो येथील डॉक्टरांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अनुभवावरून दिसलें कीं, हा आधार विलंब न लावतां व रोजच्या रोज दिला, तर मृत्यूचें प्रमाण पुष्कळ घटतें. समाधानाची गोष्ट ही कीं, यंत्राचा आधार बहुधा थोडेच दिवस लागतो. ज्यांना वेळेवर तो मिळाला, त्यांचीं मूत्रपिंडें बहुतांशीं पुन्हां आपलें काम करूं लागतात.

सर्वांत घातक आघात फुप्फुसांवरचा. अंदमान बेटांत हा रोग आहे हें १९३१ सालींच वैद्यकीय लेखांतून प्रसिद्ध झालें होतें. परंतु पुढें त्याचें विस्मरण झालें. १९८८ पासून तेथें पावसाळ्यानंतर तापाची एक विचित्र सांथ दिसूं लागली. थोड्या दिवसांच्या तापानंतर रोग्यास खोकला येई, थुंकींतून रक्त पडे, श्वास कोंडे आणि दोन-तीन दिवसांत प्राण जाई. कारण न कळल्यामुळें डॉक्टरांनीं त्यास 'अंदमानचा रक्तस्रावी ज्वर' असें नांव दिलें. उत्तर अंदमानांतील दिग्लीपूर येथील १९९३ च्या सांथीच्या वेळीं रक्ताच्या तपासणीवरून हा लेप्टोस्पायराच होय असें सिद्ध झालें. दोनच वर्षांनीं, १९९५ सालीं, मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत अतिवृष्टीनंतर अशीच सांथ आली. तेथील रोग्यांना कावीळ नव्हती, मूत्रपिंडेंही बिघडलीं नव्हतीं. तरी फुप्फुसांत रक्त भरून ते मरत होते. पिवळेपणा नाहीं म्हणून हा रोग नव्हे, असें म्हणण्यास त्यामुळें जागा उरली नाहीं. फुप्फुसांतील हवेच्या कप्प्यांभोंवतीं केशवाहिन्यांचें अत्यंत दाट जाळें असतें. तें पाझरूं लागलें कीं हवेच्या जागीं रक्त भरतें. रोगी कोरड्या खोलींत बसून बुडूं लागतो. हा प्रकार अंगीं भिनला, तर निम्म्याहून अधिक रोगी दगावतात. कृत्रिम श्वासाचें यंत्र आणि अतिदक्षता विभाग यांखेरीज तेथें दुसरा आसरा नाहीं. म्हणून तापाच्या रोग्यास धाप लागली, किंवा थुंकींत रक्ताची एक रेघ जरी दिसली, तरी सकाळची वाट न पाहतां त्यास मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे.

हृदयही सुटत नाहीं. त्याच्या स्नायूंस दाह होऊन ठोक्यांची लय बिघडते आणि कित्येकदां एकाएकीं मृत्यु ओढवतो. पोटऱ्यांतील स्नायूंचे तंतु मोडल्यामुळें त्यांतील द्रव्यें रक्तांत येतात आणि आधींच थकलेल्या मूत्रपिंडांवर भार वाढवितात. मेंदूच्या आवरणास दाह झाला म्हणजे डोकेंदुखी असह्य होऊन मान ताठते. डोळ्यांवरील परिणाम तर कधीं कधीं रोग विसरला गेल्यावर प्रकट होतो. १९९३ च्या शरद् ऋतूंतील पुरानंतर मदुरा येथील नेत्ररुग्णालयांत डोळ्यांच्या अंतर्भागास दाह झालेले रोगी एकाएकीं मोठ्या संख्येनें येऊं लागले, आणि त्याचें मूळ लेप्टोस्पायरांत सांपडलें. ताप जाऊन आठवडे किंवा महिने लोटल्यावर डोळा दुखूं लागला व दृष्टि अंधुक झाली, तर डॉक्टरांस त्या जुन्या तापाची आठवण करून देणें अवश्य आहे.

आतां निदानाचा प्रश्न. पावसाळ्यांत हिवताप, डेंग्यू आणि हा ज्वर एकाच दारानें आल्यासारखे येतात. डेंग्यूंतही रक्तबिंबिका घटतात, येथेंही घटतात. परंतु डेंग्यूंत रक्तांतील पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात, येथें त्या वाढलेल्या आढळतात, आणि लघवींत अल्ब्युमिन दिसतें. निश्चित निदान प्रतिद्रव्यांच्या तपासणीनें होतें; पण शरीर तीं प्रतिद्रव्यें तयार करण्यास पांच-सात दिवस घेतें. त्यामुळें तिसऱ्या दिवशींची तपासणी निर्दोष आली, म्हणजे रोग नाहीं असें होत नाहीं. पी.सी.आर. या तपासणीनें पहिल्या दिवसांत रक्तांतील जंतूचा माग लागतो. ती सर्वत्र होत नाहीं. म्हणून अनुभवी डॉक्टर निकालाची वाट पाहत बसत नाहींत. संशय बळकट असेल तर औषध सुरू करतात.

औषधें महाग नाहींत, दुर्मिळही नाहींत. सौम्य रूपांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, उग्र रूपांत शिरेंतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन. आरंभींच्या दिवसांत दिलेली मात्रा जितकी उपयोगी पडते, तितकी इंद्रियें बिघडल्यावर पडत नाहीं. आणखी एक इशारा येथें दिला पाहिजे. अंगदुखी असह्य झाली म्हणून दुकानांतून वेदनाशामक गोळ्या आणून खाणें या तापांत धोक्याचें आहे. त्यांतील पुष्कळशा गोळ्या मूत्रपिंडांस अपाय करतात आणि रक्तस्रावास साह्य करतात.

प्रतिबंध औषधाहून सोपा आहे. अमेरिकन सैनिकांना पनामाच्या जंगलांत या रोगाचा फार उपद्रव होई. तेथें ९४० सैनिकांवर एक प्रयोग करण्यांत आला, त्याचा वृत्तांत १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें निम्म्या सैनिकांना आठवड्यास एकदां २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिलें, उरलेल्यांना नुसती बेगडी गोळी. बेगडी गोळी घेणाऱ्यांत २० जणांना रोग झाला, औषध घेणाऱ्यांत एकास. मुंबईंतही पुराच्या पाण्यांतून चालून आलेल्यांनीं तीन दिवसांच्या आंत डॉक्टरांच्या सल्ल्यानें हें औषध घ्यावें, असें महापालिकेचें आरोग्यखातें सांगतें. गरोदर स्त्रिया व लहान मुलें यांना तें चालत नाहीं. त्यांच्यासाठीं दुसरें औषध डॉक्टर ठरवितात. माणसांसाठीं लस आपल्याकडे प्रचारांत नाहीं. पायांत गमबूट, जखमेवर घट्ट पट्टी, घरीं आल्यावर साबणानें हातपाय धुणें आणि उंदरांस पोसणारा उकिरडा दाराशीं सांचूं न देणें, हेच खरे उपाय.

परंतु गमबूट प्रत्येकाच्या पायांत नसतो. गुडघाभर चिखलांत भाताची लावणी करणारी बाई, ऊस तोडणारा मजूर, गोठा झाडणारा गवळी, आणि शहराचीं गटारें उपसणारा सफाई कामगार, यांच्या पोटाचा धंदाच या पाण्यांत आहे. शहरांतील शिकलेल्या कुटुंबास वर्षांतून एखाद्या दिवशीं ज्या पाण्यांतून जावें लागतें, त्या पाण्यांत हे लोक वर्षाचे चार महिने उभे असतात. त्यांच्या हातांत मोजे व पायांत बूट असणें ही त्यांना कामावर लावणाऱ्याची जबाबदारी आहे. घरकामास येणारी बाई किंवा इमारतीचा झाडूवाला ताप अंगावर काढून कामास आला, तर त्यास नुसती सुट्टी देऊन भागत नाहीं. त्याच्या पोटऱ्या दुखतात काय, डोळे लाल आहेत काय, तो कोणत्या पाण्यांत उभा होता, हें विचारावें आणि त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत पोंचवावें.

रोग्याबरोबर जाणाऱ्यानें डॉक्टरांस ताप किती दिवसांचा एवढेंच सांगून थांबूं नये. गेल्या महिन्याभरांत रोगी सांचलेल्या पाण्यांतून चालला होता, शेतांत उतरला होता, गुरांत वावरला होता किंवा पायास जखम झाली होती, हें न विचारतां सांगावें. कावीळ दिसो वा न दिसो, या एका वाक्यावरून योग्य औषध योग्य दिवशीं सुरू होऊं शकतें.